खोक्यावरचं नाव आणि आतली चिप : लिनक्सवरच्या यूएसबी वायफायचा इतिहास



मागच्या व्याख्यानात आपण मोडेमपाशी थांबलो होतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि पुढची काही वर्षं आपल्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनची तार आणि मोडेमचा तो चिरका आवाज, एवढंच होतं. आज तार सुटते. आणि ती गोष्ट मी एका अगदी किरकोळ वस्तूवरून सांगणार आहे. यूएसबीत खोचायचा वायफाय अ‍ॅडॅप्टर. काही अंगठ्याच्या नखाएवढे, काही अँटेना मिरवणारे. दुकानात त्याला सगळे डोंगल म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हा डोंगल विंडोजच्या मशीनला लावला की सोबतच्या सीडीवरचं काहीतरी टाकून चालायला लागतो. लिनक्सच्या मशीनला लावला की कधी लगेच चालतो, कधी त्याचा दिवासुद्धा लागत नाही. "माझा डोंगल लिनक्सवर का चालत नाही?" हा प्रश्न गेली पंचवीस वर्षं जवळजवळ त्याच शब्दांत विचारला जातोय. आणि सध्या तो पुन्हा जोरात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. ज्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही अशी कितीतरी मशीन्स शाळांत, वाचनालयांत, छोट्या हिशेबनीसांच्या टेबलावर पडून आहेत. ती भंगारात जाणार की आणखी पाच वर्षं चालणार, हे पुष्कळदा लिनक्सवर ठरतं. आणि लिनक्स टाकल्यावर ते मशीन इंटरनेटला जोडलं जाणार की नाही, हे या नखाएवढ्या वस्तूवर. तेव्हा वस्तू किरकोळ असली तरी तिच्यावर अडलेलं काम किरकोळ नाही.

आधी थोडं यंत्राबद्दल, म्हणजे पुढचा इतिहास समजेल.

यूएसबी १९९६ साली आलं. इंटेलमधल्या ज्या अभियंत्यांनी ते घडवलं त्यांत अजय भट्ट यांचं नाव अग्रभागी येतं. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. यूएसबीमागची कल्पना साधी होती : वस्तू खोचली की तिनं स्वतःची ओळख सांगायची. ही ओळख दोन आकड्यांची असते. एक आकडा बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. गाडीच्या पाटीसारखंच. एमएच १२ दिसलं की पुणे, पुढचा नंबर गाडीचा. लिनक्सचा कर्नल, हा सैन्यातला कर्नल नव्हे, लिनक्सचा गाभा, तो हे दोन आकडे आपल्या यादीत शोधतो. सापडले तर त्या वस्तूचा ड्रायव्हर जागा होतो. वायफायच्या बाबतीत आणखी एक पायरी असते : ड्रायव्हर त्या चिपमध्ये फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्राम भरतो, कारण बऱ्याच स्वस्त चिप्सकडे तो कायमचा साठवायला जागाच ठेवलेली नसते. दर वेळी खोचलं की नव्यानं भरायचा.

आता इथे एक प्रश्न विचारावासा वाटतो, आणि मला वाटतं आजच्या सगळ्या विषयाचं मूळ तिथे आहे. पेन ड्राइव्ह कुठल्याही कंपनीचा घ्या, लिनक्सवर चालतो. कीबोर्ड चालतो. माउस चालतो. ब्लूटूथचा डोंगलसुद्धा बहुतेक वेळा चालतो. मग वायफायच्याच डोंगलनं काय घोडं मारलंय?

कारण असं, की यूएसबीच्या नियमांत वस्तूंचे वर्ग ठरवलेले आहेत. साठवणीच्या वस्तूंनी कुठल्या भाषेत बोलायचं, कीबोर्ड-माउसनी कुठल्या, हे सर्वांनी मिळून ठरवलं. ब्लूटूथवाल्यांनीही आपली यूएसबीवरची भाषा ठरवून जाहीर केली. त्यामुळे एक ड्रायव्हर लिहिला की हजार कंपन्यांच्या वस्तू चालतात. वायफायच्या डोंगलसाठी अशी समाईक भाषा कधी रूढच झाली नाही. हवेतून दोन वायफाय यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ८०२.११ या मानकानं १९९७ मध्ये बारकाईनं सांगितलं. पण कॉम्प्युटरनं स्वतःच्याच वायफाय चिपशी कसं बोलायचं, हे त्या मानकाचं कामच नव्हतं. ते प्रत्येक चिप बनवणाऱ्यानं आपापलं ठरवलं, आणि बहुतेकांनी ते कुलपात ठेवलं.

तर पुढचा सगळा इतिहास हा त्या कुलपाचा इतिहास आहे.

१९९९ मध्ये ८०२.११बी आलं, सेकंदाला ११ मेगाबिटचं. त्याच वर्षी अ‍ॅपलनं आयबुकमध्ये वायफायची सोय दिली आणि ही चीज घरगुती झाली. तेव्हाच्या यूएसबीची धाव १२ मेगाबिटची, म्हणजे कसंबसं जमण्यासारखं. २००० मध्ये यूएसबी २.० नं ती ४८० वर नेली आणि २००३ मध्ये ८०२.११जी ५४ मेगाबिट घेऊन आलं. डोंगलचा बाजार खरा इथून वाढला. लिनक्सच्या बाजूनं बघायचं तर यूएसबीची नीट सोय असलेला २.४ कर्नल जानेवारी २००१ चा. वायफाय कार्डांना आज्ञा देण्याची पहिली समाईक पद्धत, वायरलेस एक्स्टेन्शन्स, एचपीतल्या जाँ तूरिल्ह यांनी त्याआधीच नव्वदच्या दशकात घडवली होती. 'आयडब्ल्यूकॉन्फिग' ही आज्ञा ज्यांनी वापरलीय, आणि इथे काही पांढऱ्या केसांची मंडळी दिसताहेत (हशा), त्यांना ते आठवत असेल.

पण दरम्यान एक गोष्ट बदलली होती. सुरुवातीच्या कार्डांमध्ये बरंचसं काम कार्डातच व्हायचं. स्पर्धा वाढली, किमती उतरल्या, तसं चिपवाल्यांनी आतलं डोकं काढून घेतलं आणि ते काम कॉम्प्युटरवर ढकललं. मोडेमच्या बाबतीत हेच झालं होतं, मागच्या वेळी आपण विनमोडेम पाहिला तो आठवा : बाहेरचा जाडजूड मोडेम लिनक्सवर चालायचा आणि आतला स्वस्त मोडेम विंडोजशिवाय मुका. तसंच इथे. वस्तू स्वस्त झाली, ड्रायव्हर जड झाला. आणि हा जड ड्रायव्हर कंपनी फक्त विंडोजसाठी लिहायची, कारण गिऱ्हाईक तिथे.

कंपन्या माहिती का देत नव्हत्या? एक कारण धंद्याचं, स्पर्धकाला आतलं दाखवायचं नाही. दुसरं कारण त्या उघडपणे सांगायच्या : सरकारी नियम. रेडिओलहरी ही सरकारी नियंत्रणातली गोष्ट. अमेरिकेच्या एफसीसीनं १९८५ मध्ये काही पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले, म्हणून तर वायफाय जन्मलं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला तो २००५ मध्ये. पण मोकळं म्हणजे बेलगाम नव्हे. किती ताकदीनं, कुठल्या चॅनेलवर, याच्या मर्यादा देशादेशांत वेगळ्या. कंपन्यांचं म्हणणं, ड्रायव्हर उघडा केला तर कोणीही ताकद वाढवेल आणि जबाबदार आम्ही ठरू. मला हे अर्धंच पटतं. चिंता खोटी नव्हती. पण त्या मर्यादा फर्मवेअरमध्ये ठेवून ड्रायव्हर मोकळा करता येतो, आणि पुढे अनेकांनी तसंच केलं. म्हणजे अडचण होती, पण तिचा आडोसाही झाला.

मग लिनक्सवाल्यांनी काय केलं? तीन वाटा काढल्या.

पहिली वाट उसनवारीची. २००३ च्या सुमारास एनडिसरॅपर नावाचा प्रकार आला. कल्पना धाडसी होती : लिनक्ससाठी ड्रायव्हर नाही ना, मग विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात बसवा आणि आपण विंडोजमध्येच आहोत अशी त्याची समजूत करून द्या. सोबतच्या सीडीवरच्या दोन फाइली काढायच्या, एनडिसरॅपरला द्यायच्या, आणि नशीब बरं असेल तर दिवा लागायचा. हजारो लोकांचं इंटरनेट त्या काळी यावर चाललं. पण आत काय चाललंय हे कोणालाच दिसत नसे. मशीन अडकलं तर दोष कोणाचा, सांगता येत नसे. म्हणून असा ड्रायव्हर असला की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' असा शिक्का मारून घेई, म्हणजे 'बाटलेला'. शब्द त्यांचाच. शिवाय ६४ बिटांच्या लिनक्सला ६४ बिटांचाच विंडोज ड्रायव्हर लागे, आणि त्या काळी तो पुष्कळदा नसेच. या वाटेनं आणखी एक नुकसान झालं, असं माझं मत आहे. काम भागतंय म्हटल्यावर कंपन्यांवरचा दबाव कमी झाला.

दुसरी वाट भांडणाची. ओपनबीएसडी या लिनक्सच्या चुलत भावंडाचे प्रमुख थिओ डी राट यांनी चिपवाल्यांकडे एकच मागणी लावून धरली : आम्हाला तुमचा ड्रायव्हर नको, तुमच्या चिपची कागदपत्रं द्या, ड्रायव्हर आम्ही लिहू. २००४ चा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कारही त्यांना मिळाला. माणूस तिखट आहे, पण मागणी नेमकी होती.

आणि या भांडणात पहिल्यांदा कोण वाकलं? मोठ्या अमेरिकन कंपन्या नव्हेत. तैवानमधल्या लहान कंपन्या. रालिंक या कंपनीनं २००४ च्या सुमारास आपल्या ड्रायव्हरचा स्रोत जीपीएल परवान्याखाली उघडा केला. झायडॅस या दुसऱ्या कंपनीनंही केला. झायडॅसच्या झेडडी१२११ चिपचा सुधारलेला ड्रायव्हर सप्टेंबर २००६ च्या २.६.१८ कर्नलमध्ये आला. त्या काळात लिनक्सवाला डोंगल घ्यायला निघाला की रालिंकची चिप असलेला आहे का, असं विचारायचा. दुकानदाराला अर्थातच काही कळायचं नाही.

तिसरी वाट चिकाटीची, म्हणजे उलटं उकलण्याची. ब्रॉडकॉमच्या चिप्स प्रामुख्यानं लॅपटॉपमध्ये असायच्या, डोंगलमध्ये कमी, पण तिथे जी पद्धत वापरली गेली ती सांगण्यासारखी आहे. दोन गट केले. पहिल्या गटानं बंद ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते याचं वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटानं तो बंद ड्रायव्हर पाहिलाच नाही, फक्त वर्णन वाचून नवा लिहिला. मधे भिंत. म्हणजे उद्या कोर्टात कोणी नक्कल केली म्हणायला नको. हा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. त्यानंतर चार वर्षांनी, २०१० मध्ये, खुद्द ब्रॉडकॉमनं आपल्या काही नव्या चिप्ससाठी उघडा ड्रायव्हर दिला.

आता तुम्ही म्हणाल, रालिंकनं स्रोत दिला, मग प्रश्न मिटला. नाही मिटला. रालिंकच्या स्रोतावरून घडलेला आरटी२एक्स००, हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला २.६.२४ ला, म्हणजे जानेवारी २००८ मध्ये. जवळजवळ चार वर्षं. कारण कंपनीनं टाकलेला स्रोत आणि कर्नलमध्ये नांदणारा ड्रायव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या स्रोतात ८०२.११ चा सगळा प्रपंच पुन्हा एकदा लिहिलेला असे. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा. एका घरात सात चुली. ही चूल एक व्हावी म्हणून डिव्हाइसस्केप कंपनीनं आपलं काम २००६ मध्ये देऊन टाकलं, त्यातून मॅक८०२११ हा समाईक भाग झाला आणि जुलै २००७ च्या २.६.२२ कर्नलमध्ये बसला. मला विचाराल तर लिनक्सवरच्या वायफायच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची तारीख ही. तिच्यानंतर नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं फक्त आपल्या चिपपुरतं बघायचं, बाकी संसार आधीच मांडलेला.

जे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहिले त्यांचे हाल वेगळेच. लिनक्सचा नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो, आणि त्याच्या आतली रचना बदलत राहते. ती स्थिर ठेवायची नाही हे कर्नलवाल्यांचं जाहीर धोरण आहे. आत असलेला ड्रायव्हर बदल करणारेच सोबत दुरुस्त करतात. बाहेरचा ड्रायव्हर मात्र तुटतो. म्हणून घराघरांत हा अनुभव : रात्री अपडेट केलं, सकाळी वायफाय गायब. डेलनं घडवलेलं डीकेएमएस हे साधन नवा कर्नल आला की बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा आपोआप बांधून देतं, पण मूळ स्रोतच नव्या रचनेशी जुळेना, तर ते तरी काय करणार! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. डिसेंबर २००८ च्या कर्नलपासून 'स्टेजिंग' नावाची एक ओसरी केली गेली : अजून घरात घेण्याजोगे नाहीत अशा ड्रायव्हरांनी तिथे बसावं, सुधारावं. रिअलटेकचे कित्येक यूएसबी ड्रायव्हर या ओसरीवर वर्षानुवर्षं बसून होते.

रिअलटेकचं नाव आलं की लॅरी फिंगर यांचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकेतले निवृत्त शास्त्रज्ञ. ब्रॉडकॉमच्या त्या ड्रायव्हरपासून ते या कामात होते, आणि पुढे रिअलटेकच्या एकामागून एक चिप्सचे ड्रायव्हर त्यांनी दुरुस्त केले, सांभाळले, नव्या कर्नलशी जुळवले. ज्या ड्रायव्हरांना कंपनी विसरली होती तेही. जगभरातले अनोळखी लोक त्यांना लिहायचे, माझा डोंगल चालत नाही म्हणून, आणि ते उत्तर द्यायचे. जून २०२४ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. आज तुमच्या-माझ्या मशीनवर रिअलटेकचा एखादा जुना डोंगल काही न करता चालला, तर त्यामागे त्यांचा हात असण्याची शक्यता बरीच मोठी. इतक्या मोठ्या व्यवस्थेचा एवढा भाग एका निवृत्त माणसाच्या चिकाटीवर उभा असावा, याचं कौतुक करायचं की काळजी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता शीर्षकाकडे येतो. खोक्यावरचं नाव.

टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल पुष्कळांना माहीत असेल. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरोसची एआर९२७१ ही चिप होती. लिनक्सवर उत्तम चालायची. इतकंच नव्हे, तिचं फर्मवेअरसुद्धा २०१३ मध्ये उघडं झालं, जे या धंद्यात फार दुर्मीळ. त्यामुळे लिनक्सवाल्यांनी एकमेकांना तोच डोंगल सुचवला. मग दुसरी आवृत्ती आली. नाव तेच, खोकं तसंच, आत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. पूर्ण वेगळी चिप, वेगळा ड्रायव्हर. लोक जुनं वाचून नवं विकत घेत राहिले. आणि हे काही एकट्याचं उदाहरण नव्हे. नेटगिअरच्या डब्ल्यूजी१११ चंही तसंच. आवृत्ती बदलली की आत दुसऱ्याच घराण्याची चिप. फसवणूक म्हणता येणार नाही, कारण विंडोजवाल्याला फरक पडत नव्हता, सीडीवर नवा ड्रायव्हर होताच. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, तुम्ही "आत चिप कुठली?" असं विचारलंत तर विक्रेता आधी तुमच्याकडे बघतो, मग खोक्याकडे, आणि म्हणतो, "साहेब, कंपनीचा माल आहे." (हशा) त्याचाही दोष नाही. खोक्यावर चिपचं नाव छापलेलंच नसतं.

आणखी एक गंमत, जी आपल्याकडे अनेकांनी अनुभवलीय. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट यांचा जमाना आठवा. त्यातले पुष्कळ डोंगल खोचले की मोडेम म्हणून नाही, सीडी म्हणून समोर यायचे. हेतू चांगला होता : विंडोजला ड्रायव्हर त्या आतल्या खोट्या सीडीवरूनच मिळावा. ड्रायव्हर बसला की तो डोंगलला आज्ञा देई, आता वेष उतरव. लिनक्सवर ही आज्ञा द्यायला कोणी नसे, म्हणून तो सीडीच्या सोंगातच बसून राही. योझुआ डीट्झ यांचा यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम त्यासाठीच आला. तो काळ संपला असं वाटलं होतं. पण रिअलटेकच्या नव्या वायफाय डोंगलांपैकी काही आज तेच सोंग घेऊन येतात. ये रे माझ्या मागल्या.

फर्मवेअरची गोष्ट थोडक्यात सांगतो. ड्रायव्हर मोकळा झाला तरी फर्मवेअर बहुधा बंदच राहिलं. डेबियननं फेब्रुवारी २०११ च्या आवृत्तीत बंद फर्मवेअर कर्नलमधून वेगळं काढलं, आणि ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसे. तत्त्वाला धरून होतं, मी त्यांचा आदरच करतो. पण नवखा माणूस इन्स्टॉल करायला बसला की यंत्र सांगायचं, वायफायसाठी फर्मवेअर हवं, ते इंटरनेटवरून घ्या. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप! ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम बदलला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबत येतं.

आज परिस्थिती कशी आहे? पुष्कळ सुधारलीय. २०११ मध्ये रालिंक विकत घेणाऱ्या मीडियाटेकच्या चिप्सना एमटी७६ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, आणि कंपनीची माणसं त्यात स्वतः काम करतात. रिअलटेकच्या आरटीडब्ल्यू८८ ला यूएसबीची जोड फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ कर्नलमध्ये मिळाली. आरटीएल८८१२एयू ही एके काळची लोकप्रिय चिप मात्र २०२५ मध्ये आलेल्या कर्नलमध्येच नीट घरात घेतली गेली, बाजारात येऊन दशक उलटल्यावर. तोवर तिचे अर्धे डोंगल कचऱ्यात गेले असतील.

एखादा प्रश्न घेऊ या.

प्रश्न (श्रोत्यांतून) : सर, आमच्या वाचनालयात चार जुनी मशीन्स आहेत, लिनक्स टाकलंय, डोंगल आधीच घेतलेत आणि चालत नाहीत. आता सुरुवात कुठून करायची?

उत्तर : डोंगल फेकू नका, आणि पहिल्या झटक्यात कुठूनही ड्रायव्हर उतरवू नका. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्या. तिथे ते दोन आकडे दिसतील, मघाची गाडीची पाटी. खोक्यावरचं नाव विसरा, ते आकडे शोधा. नावात 'डिस्क' असं काही दिसलं तर तो सीडीचं सोंग घेऊन बसलाय, मोडस्विच लागेल. ओळख बरोबर असेल तर 'डीमेसेज' मध्ये बघा. फर्मवेअर सापडत नाही अशी तक्रार असेल तर फक्त फर्मवेअरचं पॅकेज टाकून काम होईल. तक्रारच नसेल, म्हणजे कर्नलनं दखलच घेतली नसेल, तर आधी नवा कर्नल असलेली आवृत्ती लावून बघा, बाहेरचा ड्रायव्हर अगदी शेवटी. आणि हे सगळं उतरवायला त्या मशीनवर नेट कुठून आणायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं मशीनला जोडा, केबल डेटा नेणारी हवी, आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. ते बहुधा चालेलच, कारण केबलवरून नेटवर्क देण्याची भाषा मात्र ठरलेली आहे, आणि लिनक्सला ती बऱ्याच वर्षांपासून येते.